खोळंब्याचा रकाना

पोलादपूरला सुभेदारांची शोकसभा झाली तेव्हा एका वक्त्याने प्रेमाने सांगितलं, "सुभेदार आयुष्यभर हिशेब करत राहिले आणि आयुष्यात एकदाच चुकले. पण माणूस लाखात एक." सभेत थोडं हसू उमटलं. ती चूक कोणती हे ठाऊक नाही असा माणूस पोलादपुरात कमीच. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलेला, त्यांच्याच भागातला, म्हणून मलाही दोन शब्द बोलायला उभं केलं. मी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो आणि खाली बसलो.

सुभेदार चुकले नव्हते. माजी सैनिकांच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे त्यांच्यावर पान-दोन पानं मागितली आहेत. ते वाक्य तिथे पुन्हा छापून येऊ नये म्हणून हे लिहितो आहे. लेख मोठा झाला तर शिस्तीबद्दलचं काय ते कापावं, पण कारकुनीचा भाग गाळू नये. गाळण्याने काय होतं ते पुढे येईलच.

सुभेदार म्हटलं की आमच्याकडे माणसांना शिवकाळातल्या लढवय्या सुभेदारांची उमरठची समाधी आठवते. हे ते नव्हेत. हे कधी लढले नाहीत. फौजेत कारकून म्हणून भरती झाले आणि कारकुनी करत करतच सुभेदार झाले. बारीक अंगाचे, मान किंचित पुढे काढून चालणारे. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं असायचं, म्हणजे बघितलेलं समोरच्याला कळू नये. अर्थात सगळ्यांनाच कळायचं.

माणसाला नावाने हाक मारायची नाही, ही त्यांची पहिली खोड. ज्याचा जो थांबा तेच त्याचं नाव. मी दासगाव. एक तामिळी शिपाई होता, तो काटपाडी. लंगरचा स्वयंपाकी गोंदिया. मेजरसाहेबांना ते तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे अंबाला. मी एकदा विचारलं, हे काय. तर म्हणाले, "नावाचा उपयोग काय? आपल्याकडे तीन संतोष आहेत. संतोषला विमानात बसवलं म्हणजे नक्की कुणाला बसवलं? पण काटपाडीला बसवला की तो कुठे उतरणार, पुढची गाडी कोणती धरणार, घरी कधी पोचणार, सगळं त्यात आलं."

आमचं काम तेच होतं. फार उंचावरचं ठाणं. त्याचं नाव लिहीत नाही, जुनी सवय. हिवाळ्यात रस्ता बंद होई आणि वर-खाली जाणं फक्त विमानाने. रजेवर निघालेले जवान आमच्या ट्रान्झिट कॅम्पात येऊन थांबत. विमान आलं की यादीप्रमाणे आम्ही त्यांना बसवून देत असू. विमान आलं नाही की ते पत्ते खेळत, मग भांडत, मग गप्प होत. कितव्या दिवशी काय होतं हे सुभेदारांना पाठ होतं. "चौथ्या दिवशी पत्ते बंद होतात, दासगाव. बघ तू." मी बघत असे. चौथ्या दिवशी पत्ते बंद व्हायचे.

त्यांच्या खिशात कायम एक लांबट वही असे. त्यात प्रत्येक प्रवासाची नोंद. आधी प्रवासाला लागलेला वेळ, आणि त्यापुढे "खो." असं लिहून दुसरा आकडा. खो. म्हणजे खोळंबा. निवृत्त होऊन पोलादपूरला आल्यावरही ती वही सुटली नाही. महाड ते पोलादपूर एसटीने पस्तीस मिनिटं, खो. पन्नास. मिनिडोर रिक्षाने पंचेचाळीस, खो. वीस, कारण शेवटची सीट भरल्याशिवाय तो हलत नाही. बँकेत पासबुक भरायला दोन मिनिटं, खो. एक तास दहा. रेशनच्या दुकानात तर दुकानदार त्यांना बघितल्याबरोबर म्हणायचा, "सुभेदार, तुम्ही पुढे या बाबा, पण ती वही आत ठेवा."

स्वतःच्या लग्नाची हकीकत सुभेदारांची बायको, आमच्या वहिनी, सांगत, "अंतरपाट धरलेला. खालून मला ह्यांचे पाय दिसतायत. भटजींनी मंगलाष्टक लांबवलं, तर बाजूला मनगट वळलेलं दिसलं. तेव्हाच मी ओळखलं, हे माणूस असलं आहे."

"चौदा मिनिटं," सुभेदार पलीकडून म्हणत. "मुहूर्तानंतर चौदा मिनिटं. मी तक्रार केली नाही. नोंद केली."

त्यांना उतावीळ म्हणणारे चुकतात. एवढा शांतपणे वाट बघणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. गाडी आली नाही म्हणून त्यांनी कंट्रोलरशी कधी वाद घातला नाही. पण थांबलेला वेळ कुणीच कुठे लिहून ठेवत नाही, याचा त्यांना खरोखर त्रास होत असे. प्रवास मोजला जातो, थांबणं मोजलं जात नाही. "तिकिटावर अंतर असतं," ते म्हणत, "थांबल्याचं कुठे असतं?"

आता कारकुनीचा भाग.

वरून पत्र आलं. हिवाळ्यात रजेची माणसं आपल्या फौजी विमानाने न्यायची की प्रवासी कंपन्यांच्या विमानात जागा विकत घ्यायच्या? माणशी खर्च कशात किती, याचा तक्ता प्रत्येक ठाण्याने पाठवावा. असली पत्रं येतात, कुणीतरी मागच्या वर्षीचे आकडे थोडे वाढवून लिहितो आणि ती जातात. पण हे पत्र सुभेदारांच्या टेबलावर आलं, आणि मला वाटतं ते त्यासाठीच जन्मले होते.

सगळा पावसाळा त्यांनी त्यात घातला. धावपट्टीवर जाऊन वैमानिकांना विचारत, एका फेरीला इंधन किती, इंजिन किती तासांनी उघडतात, टायर किती वेळा बदलतात. वैमानिक त्यांना लांबून बघून दुसरीकडे वळायला लागले. भांडाराच्या सुभेदाराशी तर त्यांचं आठवडाभर वाजलं. विषय कांद्याचा. फौजी विमान वर येताना कांदे, बटाटे, टपाल, औषधं घेऊन येई आणि खाली जाताना रिकामंच जायचं असे, म्हणून त्यात रजेची माणसं. भांडारवाला म्हणाला, "यार, जहाज तो नीचे जाएगा ही. आदमी बैठे, ना बैठे. खर्चा जीरो."

सुभेदार मला म्हणाले, "ऐकलंस? म्हणजे कांद्याने तिकीट काढलं आणि जवान त्याच्या मांडीवर बसून आला."

पण माणूस प्रामाणिक. रात्रंदिवस विचार करून त्यांनी भांडारवाल्याचं म्हणणं मान्य केलं आणि उतरणीचा खर्च जवळजवळ शून्य धरला. झालं, पाच रकान्यांत फौजी विमान फारच स्वस्त ठरलं. दुसरा कुणी असता तर तिथे रेघ मारून मोकळा झाला असता. त्यांनी सहावा रकाना आखला आणि वर लिहिलं, खो.

विचार साधा होता. हवा दोन्ही विमानांना सारखीच वाईट. पण प्रवासी विमान आज आलं नाही तर उद्या येतं, कारण त्याची तिकिटं विकलेली असतात. फौजी विमान दुसरीकडे गरज पडली की तिकडे जातं, आणि जायलाच हवं. मधल्या दिवसांत आमच्या कॅम्पातला माणूस जेवतो, खाट अडवतो, पगार घेतो, थांबलेले दिवस नियमाने त्याला रजेत वाढवून मिळतात, आणि त्याच्या बदली वर जाणारा दुसरा माणूस तेवढेच दिवस खाली अडकतो. हे सगळं सहाव्या रकान्यात घातलं की हिवाळ्यापुरता उलटा निकाल येई. हिवाळ्यात तिकीट स्वस्त, उन्हाळ्यात फौजी विमान स्वस्त. दोन वर्षांच्या याद्या काढून त्यांनी एकेका माणसाचे दिवस मोजले होते.

फौजी विमानावर त्यांचा राग होता असं कुणी समजू नये. त्यात बाजूच्या पट्ट्यांच्या सीटवर, कानात कापूस घालून, गुडघ्याला गुडघा लावून बसायला त्यांना आवडत असे. "ह्यात बसल्यावर कळतं आपण सामान आहोत," ते म्हणत. "तिकडे म्हणे वाटतं आपण पाहुणे आहोत. दोन्ही खोटं. आपण फक्त घरी चाललोय."

अडलं ते शब्दावर. तक्ता इंग्रजीत जायचा. "दासगाव, खोळंब्याला शब्द सांग."

"वेटिंग?"

"वेटिंग म्हणजे बाकड्यावर बसणं."

"डिले?"

"डिले म्हटलं की कुणाची तरी चूक आली. डिटेन्शन म्हटलं की शिक्षा आली. खोळंब्यात चूक कुणाची नसते आणि माणूस तर अडकलेला असतो. तो शब्द पाहिजे."

तो शब्द त्यांना मिळाला नाही. तक्त्याचा पेन्सिलीचा खर्डा तयार झाला तेव्हा सहाव्या रकान्यावर तेवढं "खो." राहिलं. त्याच आठवड्यात त्यांना श्वासाचा त्रास झाला आणि इस्पितळात ठेवलं. मी भेटायला गेलो तर नळी लावलेली, तरी बोलायला लागले. "खर्डा तू घेऊन जा साहेबांकडे. सहावा रकाना नीट समजावून सांग. त्यांना नाही कळणार, पण तू मराठी आहेस."

इथे उमरठची हकीकत आली पाहिजे. आमच्या ठाण्यावर उमरठचा एक जवान होता. सुभेदार त्याला अर्थात उमरठच म्हणत, मीही तेच म्हणतो. त्याचं लग्न ठरलं होतं. गणपतीच्या रजेत सुभेदार त्याच्या वडिलांना, अण्णांना, भेटून आले होते. अण्णांना तिथी धरायची होती आणि मुलगा येणार की नाही याचा भरवसा नव्हता. सुभेदारांनी सांगितलं, मार्गशीर्षातली धरा, या हिवाळ्यापासून प्रवासी विमानाने जागा मिळणार, खो. शून्य. साधं महाडच्या बाजारात जाऊन येतो म्हणताना खो. सांगणारा हा माणूस. त्यांच्या तोंडून शून्य हा आकडा मी त्याआधी ऐकलेला नव्हता. तक्त्यावर त्यांचा एवढा विश्वास होता.

मी खर्डा घेऊन मेजरसाहेबांपुढे उभा राहिलो. माझी रजा मंजूर झालेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाच्या यादीत माझं नाव पहिलं होतं, कारण यादी मीच लिहिली होती. साहेबांची अट एवढीच की तक्ता टाइप होऊन सही झाल्याशिवाय मी निघायचं नाही.

साहेबांनी बोट ठेवलं. "ये 'खो' क्या है? किसने क्या खो दिया?"

खोलीतले दोघं-तिघं हसले. हिंदीत तो शब्द तसाच वाचला जातो. मीही हसलो.

समजावून सांगायला फार तर अर्धा तास लागला असता. पण मग साहेबांनी याद्या मागवल्या असत्या, दोन वर्षांचे कागद पुन्हा तपासायला लावले असते, दोन दिवस गेले असते, आणि माझं विमान गेलं असतं. पुढचं कधी, ते सांगता येत नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. याचा अर्थ असा की तो सहावा रकाना मला साहेबांपेक्षा नीट कळला होता.

मी म्हणालो, "कुछ नहीं साहब. गाँव की भाषा है. जरूरी नहीं है."

"तो हटाओ. शाम तक टाइप करके लाओ."

मी हटवला. पाच रकान्यांचा तक्ता टाइप केला, सही घेतली. खर्ड्यावरचा सहावा रकाना खोडरबराने पुसला, कारण खर्डा फायलीत लागतो आणि दोन्ही जुळायला हवेत. सकाळी विमान वेळेवर आलं. मी दासगावला पोचलो तेव्हा खाडीला भरती होती आणि घरी ताजे मासे होते. रजा छान गेली.

उत्तर महिनाभराने आलं. आपल्या तक्त्यानुसार फौजी विमान स्वस्त असल्याने जागा विकत घेण्याची गरज नाही. सुभेदार तोवर इस्पितळातून परत आले होते. त्यांनी उत्तर वाचलं, फाइल मागवली, खर्डा काढून उजेडात धरला. खोडरबराने पुसलेलं उजेडात दिसतं. बराच वेळ त्यांनी तो तसाच धरला. मग फाइल बंद केली आणि मला म्हणाले, "दासगाव, उमरठला जितक्या लवकर खाली काढता येईल तितक्या लवकर काढू. तिथीच्या नऊ दिवस आधी."

त्यांनी अण्णांना पत्र घातलं, तिथी पुढे न्या. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि मुलीकडचे ऐकेनात. उमरठ नऊ दिवस आधी कॅम्पात आला. सोबत अक्रोडांची पेटी, लग्नात वाटायला घेतलेली. अकरा दिवस फौजी विमान आलं नाही. दुसरीकडे कुठे गरज पडली होती, ते योग्यच होतं. त्या अकरा दिवसांत सहा दिवस आकाश स्वच्छ होतं आणि प्रवासी विमानं डोक्यावरून येत-जात होती. सुभेदार स्वतःच्या पैशाने तिकीट काढायला गेले, तर पुढचे पंधरा दिवस जागा नाही. तिथीच्या दिवशी दुपारी उमरठने पेटी फोडली आणि सगळ्या खाटांवर अक्रोड वाटत फिरला. "घ्या. आज माझं लगीन हाय." मलाही दिले, मूठभर. मी घेतले.

मुलीकडच्यांनी त्या मांडवातूनच काढता पाय घेतला. सोयरीक मोडली.

फाल्गुनात आम्ही दोघंही रजेवर होतो. सुभेदार दासगावला आले आणि म्हणाले, "चल, उमरठला जाऊन येऊ." मला नको म्हणता आलं नाही. अण्णा ओट्यावर बसले होते. आम्हाला बसा म्हणाले नाहीत, पण आम्ही बसलो.

"तुमी म्हनालात तिथी धरा," अण्णा म्हणाले. "मी धरली. पोरगा नाय आला. मांडवात मी हात जोडून उभा. मुलीचा मामा मला म्हनतो, तुमचा पोरगा फौजेत हाय का नाय, का उगाच सांगताव? हे मी ऐकून घेतलं."

सुभेदार म्हणाले, "अण्णा, माझा हिशेब चुकला."

"येवढंच?"

"एवढंच. माझा हिशेब चुकला."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. आतून चहा आला, एकच कप. अण्णांनी तो घेतला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, "घ्या. तुमचा काय दोष?" सुभेदारांकडे त्यांनी बघितलं नाही. आणि मी तो चहा प्यालो. गरम होता, सावकाश प्यावा लागला. सुभेदार समोर बघत बसले होते. घड्याळ त्यांनी त्या दिवशी बघितलं नाही.

परतीच्या एसटीत मी काहीतरी बोलणार होतो. त्यांनी वही काढून खो. लिहिला आणि डोळे मिटले.

त्यानंतर तालुक्यात त्यावरून म्हणच पडली. गाडी उशिरा आली की, "सुभेदाराचा टाइम!" कार्य लांबलं की, "तिथी सुभेदारानं काढली का रे?" ते स्टँडवर उभे असताना पोरं त्यांना ऐकू जाईल असं म्हणत. ते वळून विचारत, "किती उशीर झालाय?" आणि लिहून घेत. पुढे दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यात जवानांना प्रवासी विमानाची तिकिटं मिळू लागली. कुणाच्या कागदावरून, मला माहीत नाही. आमच्या नक्कीच नव्हे.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी ते एकदा अचानक दासगावला माझ्या दारात उभे. मुलाने त्यांना बंगळूरला बोलावून घेतलं होतं, पुण्याहून विमानाने. आयुष्यात पहिल्यांदा ते प्रवासी विमानात बसले होते, आणि परत आल्या आल्या घरी पिशवी टाकून माझ्याकडे आले होते.

"दासगाव, सहाव्या रकान्यात माझी चूक होती."

मी त्यांना खुर्ची पुढे केली.

"प्रवासी विमानाचा खो. मी शून्य धरला होता. पण ते आपल्याला तीन तास आधी बोलावतात! वेळेवर निघण्यासाठी तीन तास थांबवतात. मी तिथे बसून मोजले. ते धरायला हवे होते."

"मग?" मी विचारलं.

"गाडीत पुन्हा आकडेमोड केली. तरी हिवाळ्यात तिकीटच स्वस्त येतं. पण चूक ती चूक. तू तो तक्ता टाइप केलास, म्हणून तुला सांगायला आलो."

इथे ते थांबले. बायकोने आणलेलं सरबत त्यांनी घेतलं. मला वाट मोकळी करून दिली होती, हे आज कळतं.

"पण तो रकाना वर गेलाच नाही," ते म्हणाले. "नाही का?"

"साहेबांनी काढला असेल," मी म्हणालो.

त्यांनी सरबताचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाले, "अंबालाला मराठी येत नव्हतं." एवढंच. पेला ठेवला, उठले. मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेलो. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली आणि त्या चाळीस मिनिटांत ते माझ्याशी भाताच्या रोपांबद्दल बोलले.

शोकसभेनंतर मी आधी हिरकणीवाडीला गेलो. उमरठ आता तिथे असतो. पुढे त्याचं लग्न तिथल्याच मुलीशी झालं. फौजेतून सुटल्यावर दोघांनी गडाच्या रोपवेच्या वाटेवर झुणका-भाकरीची टपरी टाकली, दोन मुली कॉलेजला आहेत. मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या बायकोने हातातली भाकरी थांबवून ऐकलं.

"मग काका, आता काय करू?" तो हसला. "परत लगीन लावू?"

"लावा की," ती म्हणाली. "तुमचं ते विमान येळेवर आलं असतं तर मी कुठं असते? त्या खोळंब्याचे उपकार म्हणा."

"बघा काका. हिचा फायदाच झाला."

"माझा? भाकऱ्या थापून हात गेले माझे, म्हणे फायदा."

मीही हसलो असतो. पण तो गल्ल्यापासून उठून माझ्या बाकावर येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला कधीच काय वाटलं नाय, काका. सुभेदारसाहेब तिकीट काढायला बर्फातून दोनदा गेले, ते मी बघितलंय. पण अण्णा त्यांच्या मयताला गेले नाय. मी हात जोडले, तरी नाय गेले. मला सांगून काय उपयोग? अण्णांना सांगा."

म्हणून उमरठला गेलो. ओटा तोच, आता फरशी घातली आहे. अण्णांना कमी ऐकू येतं. मला मोठ्याने सांगावं लागलं, आणि शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. तेही बरंच झालं. खर्डा, सहावा रकाना, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं सांगितलं. माझी रजा होती, हेही सांगितलं.

अण्णांनी विचारलं, "त्या खोचा अर्थ काय?"

"खोळंबा."

"मंग आख्खा शब्द का नाय लिवला त्यानं?"

"ते लिहिणार होते. योग्य शब्द शोधत होते. साहेबांना अर्थ समजवायला मला सांगितलं होतं."

अण्णांनी ओट्याच्या खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमी हितंच हुतात. हिकडं, खांबाला टेकून."

"हो."

"मी च्या तुमाला दिला."

"हो."

"त्याला नाय दिला."

अण्णांनी आत बघून हाक मारली, "गो, च्या टाक." सुनेने कप आणला, एकच. अण्णांनी तो घेतला आणि माझ्यासमोर बसून स्वतः प्याले, बशीत ओतून, फुंकर मारत, शेवटच्या घोटापर्यंत. मी बसून राहिलो. शेजारची माणसं बघत होती. मला वाटतं ते बरोबर होतं.

कप खाली ठेवून त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, काठी घेतली. "चला. त्याची बायको पोलादपुरातच हाय ना? मला न्या तिच्याकडं."

थांब्यावर आम्ही दोघं उभे राहिलो. अण्णांना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून मैलाच्या दगडावर बसवलं. रस्त्यावर गाडीचा मागमूस नव्हता.

"किती वेळ लागल?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळ बघितलं. सुभेदारांनी आकडा सांगितला असता. "सांगता येत नाही, अण्णा. खोळंबा आहे."

"आसू दे," अण्णा म्हणाले. "थांबू."